चाळीस आणि एक्केचाळीसच्या मधे

रस्साकाकांचा भात करपला नाही, तेव्हाच हेमलता शिंत्रे यांच्या मनात पाल चुकचुकली.

ज्यांनी लहानपणी ‘यान निघालं हो!’ ही मालिका पाहिली आहे, त्यांना यातली गोम लगेच कळेल. ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. १९८७ साली, टीव्हीवर एकच वाहिनी होती तेव्हा, दर रविवारी सकाळी हे यान कोल्हापुरातल्या एका स्टुडिओतून अंतराळात झेपावत असे. यानाचा घुमट म्हणजे गुऱ्हाळावरची उपडी घातलेली काहील. नियंत्रणकक्षातले दिवे सायकलींचे. परग्रहावरचे राक्षस रबरी हातमोजे घालून यायचे आणि त्यांच्या बनियनची पट्टी हमखास बाहेर दिसायची. विज्ञान औषधालाही नव्हतं. गोष्ट दर वेळी एकच. कप्तान संकटात सापडायचा, यानाचे आचारी रस्साकाका भात करपवायचे, त्या वासानं राक्षस पळ काढायचे आणि शेवटी सगळं यान पंगतीला बसून खो खो हसायचं. त्या हसण्यावर चित्र थांबायचं. असे बावन्न भाग झाले, आणि त्यांच्यावर महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी रविवारची जेवली.

आता २०४१ साल उजाडलं होतं. मालिकेचे नवे भाग यायला लागून तीन आठवडे झाले होते. माणसं तीच, आवाज तेच, घुमटसुद्धा तीच काहील. फक्त त्या माणसांपैकी कोणी जिवंत नव्हतं. आणि नावातलं ‘निघालं हो’ गळून पडून नुसतं ‘यान’ उरलं होतं.

“मावशी, आज भात झ्याक झालाय की बाबांचा!” वैजू म्हणाली आणि हसली. पण पडद्यावर कोणीच हसत नव्हतं, म्हणून मग तीही गप्प झाली.

वैजयंती चौगुले अठ्ठावन्न वर्षांची होती. एका हृदयरोगाच्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढायचं काम करायची. दर रविवारी मिसळीचा डबा घेऊन ती हेमाबाईंच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, “आलो बघ, मावशी.” कोल्हापूरच्या बायकांच्या रीतीप्रमाणे ती आलो-गेलोच म्हणायची, आणि मूळच्या मिरजेच्या हेमाबाईंनी तिला सुधारायचा नाद पन्नास वर्षांपूर्वीच सोडला होता. रस्साकाकांचं काम करणारे दिगंबर चौगुले हे तिचे वडील. ती चार वर्षांची असताना ते गेले. वडिलांची स्वतःची म्हणावी अशी एकही आठवण तिच्यापाशी नव्हती. जी होती ती सगळ्या महाराष्ट्रापाशी होती तीच, पांढरी टोपी आणि करपलेला भात.

आणि हेमाबाई तिच्या कोणी मावशी नव्हत्या. दिगंबरराव गेल्यावर वैजूची आई बँकेतून येईपर्यंत शाळा सुटलेली ही पोर हेमाबाईंकडे थांबू लागली. तिला पोळीचा लाडू द्यायचा, पाढे म्हणून घ्यायचे, वेण्या घालायच्या. लोक म्हणत, एकट्या बाईला लळा लागला. लळा पुढे लागला हे खरं, पण सुरुवात लळ्यानं झाली नव्हती. ते हेमाबाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं.

पडद्यावर पंगत बसली होती. रस्साकाका पंगतीपासून लांब, चुलीपाशी टेकले होते. त्यांचा उजवा हात छातीवर डाव्या बाजूला होता, बोटं पसरलेली. आणि ते चित्राच्या डाव्या कडेकडे बघत होते.

“कुणाकडं बघायलेत ते?” वैजूनं विचारलं.

“कुणास ठाऊक,” हेमाबाई म्हणाल्या. त्या कडेला काय असायचं हे ठाऊक असलेलं जगात त्यांच्याखेरीज कोणी उरलं नव्हतं. तिथे एक लाकडी स्टूल असायचं, आणि त्यावर चोवीस वर्षांची हेमलता शिंत्रे बसलेली असायची.

त्या मालिकेत हेमाबाईंचं काम कंटिन्युइटीचं. चित्रण काही ओळीनं होत नाही. दार उघडण्याचं दृश्य सोमवारी घेतात आणि दारातून आत येण्याचं गुरुवारी. सोमवारी टोपी डावीकडे कललेली असेल तर गुरुवारीही ती डावीकडेच कललेली हवी, नाहीतर बघणाऱ्याला खटकतं. हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि वहीत टिपायचं. हेमाबाईंनी प्रत्येक भागाची एक वही ठेवली होती. नव्या मालिकेच्या कंपनीनं त्यांना शोधून काढलं, शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा त्यांनी त्या बावन्न वह्या कौतुकानं काढून दिल्या. इतक्या वर्षांनी आपल्या कामाची कोणाला किंमत कळली याचं त्यांना अप्रूप वाटलं होतं. चाळिसाव्या वहीत काय आहे हे त्या विसरल्या नव्हत्या, पण यंत्र ते वाचून काय करील असं त्यांना वाटलं.

यंत्राचं नाव जोडारी. कोल्हापूरच्या कारखान्यांमधून सुटे भाग नेमके बसवणाऱ्या कारागिराला म्हणतात तेच. याच्या आधीची यंत्रं लाखो चित्रं बघून पुढे साधारण काय येईल याचा अंदाज करत. त्यांना हसरं दृश्य मागितलं की ती हसरं दृश्य देत. जोडारी अंदाज करत नाही. वस्तुसंग्रहालयातली माणसं मडक्याच्या तीन खापऱ्यांवरून सबंध मडकं उभं करतात. काठाचा बाक बघून तोंड केवढं ते ठरवतात, जाडी बघून पोट ठरवतात. जोडारीचं काम तसंच. जे जे दिसलं ते सगळं एकाच वेळी खरं असायचं असेल, तर न दिसलेलं काय काय असलं पाहिजे, एवढंच ते शोधतं. त्याला बावन्न भाग दिले. ‘कट’ म्हटल्यानंतरही फिरत राहिलेल्या कच्च्या टेपा दिल्या, आवाजाच्या फिती दिल्या, हेमाबाईंच्या वह्या दिल्या. त्यातून त्यानं एक सबंध जग उभं केलं. प्रत्येकाचं वजन, चालण्याची ढब, थकवा, भीती, सगळ्यासकट. मग ते जग चालू करायचं आणि आत कॅमेरा ठेवायचा. जे दिसेल तो नवा भाग. लिहीत कोणीच नव्हतं.

मालिका गंभीर झाली ती यामुळे. भागांमध्ये सगळे हसत होते. कच्च्या टेपांमध्ये ‘कट’ म्हणताच तीच तोंडं उतरत होती. दोन्ही खरं धरायचं, तर ही माणसं दमलेली असून हसताहेत असंच म्हणावं लागतं, आणि जोडारीनं तसंच म्हटलं. त्यातून कंपनीनं नव्या भागांसाठी जागा निवडली होती ती चाळिसाव्या आणि एक्केचाळिसाव्या भागाच्या मधली, कारण सगळं यान एकत्र असण्याची ती शेवटची जागा. एक्केचाळिसाव्या भागात रस्साकाका नाहीत. ‘काकांची लोणच्याच्या ग्रहावर बदली झाली’ असं एक पत्र कप्तान वाचून दाखवतो. दिगंबरराव वारले होते, दुसरं करणार काय? पोरांनी ते पत्र हसत हसत मान्य केलं होतं. जोडारीला काही ते पटलं नाही. रस्साकाका गेले तर कसे गेले हे ते शोधत होतं, आणि दर रविवारी थोडं थोडं जवळ येत होतं.

लोकांना हे फार आवडलं. ‘मालिका वयात आली’ असं कोणीतरी लिहिलं. कंपनी खूश होती.

पाचव्या रविवारी ती बाई दिसली.

मुदपाकखान्याच्या डाव्या कोपऱ्यात अंधार होता आणि त्या अंधारात स्टुलावर कोणी बसलं होतं. कोपरापर्यंतची बाही, गुडघ्यावर उघडी वही, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. म्हणजे भयंकर असं काही नव्हतं, नुसतं काहीच नव्हतं. यानातली माणसं तिच्या बाजूला जायचं टाळत होती. कप्तान बोलता बोलता तिच्याकडे बघायचा आणि आवाज खाली आणायचा.

“ही आणि कोण?” वैजू पुढे सरसावून बसली. “बाई, अंगावर काटा आला बघ. पहिल्या भागांत न्हवती ही.”

“नव्हती,” हेमाबाई म्हणाल्या आणि आपला उजवा हात त्यांनी पदराखाली घेतला. ते घड्याळ जाऊन तीस वर्षं झाली होती. तरी मनगट झाकावंसं वाटलं.

आठवड्याभरात त्या बाईला ‘वहीवाली’ असं नाव पडलं. जेवत नसलेल्या पोरांना तिची भीती घातली जाऊ लागली. सहाव्या रविवारी ती जरा उजेडात आली. सातव्या रविवारी रस्साकाका तिच्याकडे बघून काहीतरी म्हणायला गेले आणि थांबले. वैजूनं मिसळीला हात लावला नाही.

“मावशी, बाबांचा हात बघितलास? दर रविवारी तिथंच. हे ॲक्टिंग न्हवं. मी रोज चाळीस माणसांचे हात बघतो. हा हात दुखणाऱ्या माणसाचा हाय.” मग ती म्हणाली, “त्या यंत्राला कसं कळलं? बाबा तर अचानक गेले. कुणाला काही दिसलंच न्हाई, असंच आई सांगायची.”

हेमाबाई पाण्याचा तांब्या भरायला उठल्या.

खरं तर त्यांना दिसलं होतं, आणि त्यांनी काय केलं तेही सांगून टाकायला हवं. चाळिसाव्या भागाचं चित्रण होतं. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये दिगंबररावांचा हात छातीवर गेला. संहितेत तसं नव्हतं. हेमलतेनं ते टिपलं, कारण टिपणं हेच तिचं काम. पुढचा शॉट जवळून घ्यायचा होता, त्यासाठी दिवे हलवायला वेळ लागला. दिगंबररावांनी हात खाली घेतला होता, कपाळ पुसायला रुमाल काढला होता. आणि ती स्टुलावरून म्हणाली, “हात तसाच ठेवा, दिगंबरराव. आणि घाम पुसू नका, जुळणार नाही.” त्यांनी रुमाल खिशात ठेवला, हात परत छातीवर नेला. जगात दुसऱ्या कोणालाही तो हात बघून ‘काय होतंय’ असं विचारावंसं वाटलं असतं. तिला वाटलं, बोटं अजून थोडी पसरायला हवीत. शॉट सुरेख जुळला. संध्याकाळी सहा वाजता दिगंबरराव घराच्या पायरीवर चप्पल काढायला बसले ते उठलेच नाहीत.

गुरुवारी कंपनीतून फोन आला. यंत्र सांभाळणारी फिरदोस मुजावर म्हणाली, “बाई, येऊन जावा. गाडी पाठवतो.” चाळिशीची, बडबडी, कामाला वाघ असलेली ही इंजिनियर हेमाबाईंना पहिल्या दिवसापासून आवडली होती. गोकुळ शिरगावच्या बाजूला एका गार खोलीत तिनं त्यांना बसवलं आणि चहा दिला.

“ही वहीवाली तुम्हीच न्हवं?” तिनं सरळ विचारलं. “अकरा टेपांत तुमचं कोपर हाय, दोन टेपांत गुडघा, घड्याळ, आवाज. चेहरा कुठंच न्हाई. जोडारी तीन आठवडे चेहरा मागायलंय.”

“मीच,” हेमाबाई म्हणाल्या.

फिरदोसनं चाळिसाव्या वहीचं एक पान पडद्यावर आणलं. स्वतःचं तरणं, टपोरं अक्षर हेमाबाईंनी ओळखलं. ‘शॉट ३ : दिगंबरराव, उजवा हात डाव्या छातीवर, बोटं पसरलेली, कपाळावर घाम. शॉट ४ ला तसंच. घाम पुसू नये.’

“टेप धूसर असू शकते, पण वही म्हणजे त्याला शेवटचा शब्द,” फिरदोस म्हणाली. “सगळं ह्या एका पानावर उभं केलंय त्यानं. आता मला एवढंच सांगा, हा घाम मेकअपचा की खरा? मेकअपचा असला तर इथं सही करा. मग हात म्हणजे अभिनय. वहीवाली जाईल, मालिका परत हसरी होईल. आमच्या साहेबांना गंभीर चालतंय, पण पोरं भ्यायला लागलीत म्हणून वरून विचारणा आलीय. तुम्ही म्हणाल तसं.”

सुटका अशी समोर येऊन बसेल असं हेमाबाईंना वाटलं नव्हतं. एक सही. वैजूला कधीच काही कळणार नाही. आणि खोटं तरी कोणाचं नुकसान करणार होतं? त्यांनी पेन घेतलं. मग जन्मभराच्या सवयीनं म्हणाल्या, “जुळतंय का ते आधी दाखव.”

फिरदोसनं घाम मेकअपचा धरून जोडारीला रविवारचा भाग चालवायला सांगितला. काहील चकाकत होती. राक्षस आले, भात करपला, राक्षस पळाले. पंगत बसली आणि हसू फुटलं, ते जुनं, सातमजली. कोपऱ्यात स्टूल नव्हतं. रस्साकाका हसत होते, दोन्ही हात मांडीवर आपटत होते, आणि हसता हसता ते बाजूला कलले आणि भिंतीला टेकून राहिले. त्यांचे डोळे उघडे होते. पंगत हसत होती. कप्तान हसत होता. भाताचं पातेलं त्यांच्या अंगावरून पुढे सरकवलं गेलं. कोणी वळून बघेना. ते हसणं थांबेचना, दोन मिनिटं झाली, तीन झाली, आणि रस्साकाका तसेच टेकलेले होते.

“बंद कर,” हेमाबाई म्हणाल्या.

“त्याला एक्केचाळीसला पोचायचंय, बाई. तिथं काका न्हाईत, म्हणजे ते जाणार,” फिरदोस हळू आवाजात म्हणाली. “सहीनं ते टळत न्हाई. फक्त बघणारं कोणी राहत न्हाई.”

हेमाबाईंनी पेन खाली ठेवलं. “घाम खरा होता,” त्या म्हणाल्या.

“मग रविवारी तुमचा आवाज येणार. टेपवर हाय तो, जोडारीला सापडलाय. सगळ्यांना कळंल.” फिरदोसनं पेन उचलून घेतलं. “चेहरा देताय?”

“तो आधी दुसरीकडे दाखवायचाय मला.”

ठरवणं सोपं असतं. शुक्रवारी त्या वैजूच्या दवाखान्यात गेल्या. वैजू एका म्हाताऱ्याच्या छातीला तारा लावत होती आणि त्याच्या मुलाला झापत होती. “छातीवर हात गेला की पहिल्या तासात आणायचं. किती वेळा सांगतो मी? डोळे असून आंधळी कशी वागता तुम्ही माणसं?” मग तिनं वळून पाहिलं. “मावशी! तू कशी काय इथं? काही होतंय?”

“सहज आले होते,” हेमाबाई म्हणाल्या आणि रिक्षा करून घरी परत आल्या. शनिवारी त्यांनी दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला.

रविवारी पावणेदहाला वैजू आली. “आलो बघ.” मिसळ वाढली, लिंबू चिरलं, टीव्ही लावला. मालिकेचं जुनं उड्या मारणारं गाणं आता संथ झालं होतं आणि शब्दांशिवाय वाजत होतं. ते साधारण मिनिटभर चालायचं हे हेमाबाईंना माहीत होतं.

“वैजू, आवाज बारीक कर.”

“का गं? सुरू होतंय की.”

“मला काही सांगायचंय. टीव्हीनं सांगायच्या आत सांगायचंय.”

त्यांनी सांगितलं. शॉट तीन, शॉट चार, हात, रुमाल, घाम. गाणं संपलं, यानाचं दार उघडलं, तरी त्या सांगतच होत्या. वैजू पडद्याकडे बघत ऐकत होती. तिथे तिचे वडील चुलीपाशी वाकून जाळ करत होते.

“डावा हात?” वैजूनं विचारलं. तो तिचा दवाखान्यातला आवाज होता.

“दोनदा झटकला. मुंग्या आल्यासारखा.”

“ओठांचा रंग?”

“मेकअप होता. कानाच्या पाळ्या मात्र पांढऱ्या पडल्या होत्या.”

“किती वाजता?”

“अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिल्यांदा. जवळचा शॉट अकरा पन्नासला. चार टेक झाले.”

“तेव्हा दवाखाना कुठं होता?”

“स्टुडिओसमोर. रस्त्यापलीकडे.”

वैजूनं मान हलवली. “त्या काळात औषधं कमी होती. वाचले असते असं मी म्हणत न्हाई. म्हणता येणार न्हाई.” तिचा चेहरा आक्रसला. “पण सात तास. आणि ह्या घरात मी लाडू खाल्ले.”

रडणं हेमाबाईंना शोभलं नसतं, म्हणून त्या रडल्या नाहीत.

वैजूनं टीव्हीचा आवाज परत वाढवला. पडद्यावर रस्साकाकांचा हात छातीवर गेला. कोपऱ्यातल्या अंधारातून आवाज आला, चोवीस वर्षांच्या मुलीचा, ठसठशीत. “हात तसाच ठेवा, दिगंबरराव.” सगळं यान जागच्या जागी थांबलं. रस्साकाका सावकाश वहीवालीकडे वळले.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्हाला दिसतंय न्हवं?”

वहीवाली बोलली नाही. ती काय बोलली असती याचा एकही पुरावा टेपांत नव्हता, वह्यांत नव्हता, आणि नसलेलं जोडारी बनवत नसे. त्यामुळे रस्साकाका नुसते वाट बघत उभे राहिले. चुलीवरचा भात शिजत होता. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं. राज्यभरच्या घरांतून लोक तो थांबलेला माणूस बघत बसले असतील.

“विचारायलेत ते,” वैजू मान न वळवता म्हणाली. “सांगा की त्यांना.”

पन्नासएक वर्षांत तिनं हेमाबाईंना कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्यांनी ते ऐकलं आणि पडद्याकडे तोंड केलं.

“दिसत होतं,” त्या म्हणाल्या. “पहिल्या मिनिटापासून दिसत होतं.”

रस्साकाका तसेच उभे होते. मग यान थोडं हेलकावलं, छताचा दिवा झुलला आणि त्याचा उजेड पहिल्यांदाच स्टुलाच्या खालपर्यंत गेला. वहीवालीचा उजवा हात वहीवर होता. डावा हात तिनं स्टुलाशेजारी खाली सोडला होता आणि त्याचा तळवा कशावर तरी घट्ट दाबून धरला होता. जे दाबलं होतं ते लहान होतं, तिच्या कमरेएवढं, आणि पूर्ण काळं. जोडारीपाशी त्याचं काहीच नव्हतं, म्हणून त्यानं ते काळं सोडलं होतं.

वैजूनं चित्र थांबवलं.

“तिनं हात कशावर ठेवलाय?”

हे वहीत नव्हतं. पुढच्या शॉटला जुळवायचं नसेल ते वहीत लिहायचं नसतं. हे त्यांनी फिरदोसला सांगितलं नव्हतं, वैजूच्या आईला सांगितलं नव्हतं, आता सांगितलं त्यातही गाळलं होतं. आवाजाच्या फितीवर कुठेतरी एक अर्धवट दबलेलं अक्षर राहिलं असणार, आणि यंत्रानं तेवढ्यावरून हात खाली आणला असणार. ‘मला नाही माहीत’ म्हटलं असतं तर कोणाला कधीच कळलं नसतं. ते काळं काळंच राहिलं असतं.

“तुझ्या तोंडावर,” त्या म्हणाल्या.

वैजूनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. “त्या दिवशी मी स्टुडिओत मेकअपच्या खोलीत झोपलो होतो. आईनं सांगितलंय मला.”

“तिला ते मीच सांगितलं होतं. तू झोपली नव्हतीस. माझा पदर धरून स्टुलापाशी उभी होतीस. त्यांचा हात छातीवर गेला तेव्हा तू हळूच म्हणालीस, ‘बाबांना दुखतंय.’ शॉट चालू होता. मी तुझं तोंड दाबलं.”

पडद्यावर तिचे वडील अजून उत्तराची वाट बघत थांबलेले होते. वैजू बोलली तेव्हा तिचा दवाखान्यातला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“मी बोललो होतो?”

“हो,” हेमाबाई म्हणाल्या. “स्पष्ट. दोनदा.”